डिसेंबरात दोघांचीही ड्युटी

(एका वाचक ताईंच्या पत्राचा हा सारांश. ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. संशोधनाचा विषय त्यांच्या संमतीने ठेवला आहे, कारण उत्तरात त्याचं काम पडलं.)

'मी ३६ वर्षांची. नागपुरात एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि नोकरी सांभाळून पीएचडी करते. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या विहिरी-हातपंपांच्या पाण्यातलं फ्लोराइड हा माझा विषय. डिसेंबरमध्ये हैदराबादला भूजलावर तीन दिवसांची राष्ट्रीय परिषद आहे, गुरुवार ते शनिवार. माझा पेपर तिथे निवडला गेला आहे. मुलगा पाच वर्षांचा, केजी टूमध्ये. थंडीत त्याला दम लागतो, कधी रात्री नेब्युलायझर लावावा लागतो. यजमान सार्वजनिक बांधकाम खात्यात इंजिनिअर आहेत. हिवाळी अधिवेशनात त्यांच्या सुट्ट्या बंद असतात. ते म्हणतात, "तुझं तू ठरव, माझी ना नाही." सासूबाई आमच्याजवळच असतात, त्यांचे गुडघे दुखतात. त्या आधी म्हणाल्या, "लेकराला सोडून कोणती माय जाते?" मग दोन दिवसांनी म्हणाल्या, "रात्री त्याला दम लागला तं मी एकटी काय करू?" सीएल (किरकोळ रजा) टाकून, फारसं कुणाला न सांगता जाऊन यावं, असंही मनात येतं. याआधी मी एकाच मोठ्या परिषदेला गेले, जानेवारी २०२३ मध्ये आपल्या विद्यापीठात झालेल्या सायन्स काँग्रेसला. रोज डबा घेऊन जायचे आणि चारच्या आत घरी. मी स्वार्थी होते आहे का? जाऊ की नको?'

प्रिय ताई,

सासूबाईंची दोन वाक्यं तुम्ही लिहिलीत. पहिलं तुम्हाला फार लागलेलं दिसतं, 'स्वार्थी' हा शब्द बहुधा तिथूनच पत्रात आला. मला दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. ते बोलायला त्यांना दोन दिवस लागले. ज्या बाईचे गुडघे दुखतात, जिना उतरताना जिला कठड्याचा आधार लागतो, तिला रात्री दोन वाजता नातवाची छाती घरघरताना दिसली आणि घरात दुसरं कुणी नसलं तर तिने काय करायचं? हा प्रश्न अगदी रास्त आहे. तो तुमच्या जाण्याला विरोध म्हणून विचारलेला नाही. त्याचं उत्तर मिळालं की पहिलं वाक्य त्या पुन्हा उच्चारतील असं मला वाटत नाही. उच्चारलंच तर त्याचं काय करायचं तेही पुढे बोलू.

त्याआधी दुसरी एक गोष्ट. तुमच्या घरात डिसेंबर कसा जातो, ते जरा आठवून पाहा.

नागपुरात ज्यांच्या घरी बांधकाम खात्याचा, महसूलचा किंवा पोलिसातला माणूस आहे, त्यांना अधिवेशन काय असतं हे सांगावं लागत नाही. १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे भरायचं ठरलं, १९६० साली पहिलं भरलं, आणि तेव्हापासून या शहरातली किती घरं दर हिवाळ्यात त्या हिशेबाने चालतात. विधान भवनाची डागडुजी, रवी भवन, नाग भवन, आमदार निवास, रंगरंगोटी, गिझर, गळके नळ. तुमचे यजमान नोव्हेंबरपासून उशिरा घरी येत असतील, आणि अधिवेशन सुरू झालं की त्यांच्या येण्याची वेळ कुणी विचारतही नसेल. त्यांचं ताट झाकून ठेवलं जातं. स्कूल बसवरून मुलाला आणायला सासूबाई दुखऱ्या गुडघ्यांनी फाटकापर्यंत जातात. सिलिंडर, वीजबिल, शाळेचं गॅदरिंग, लग्नांच्या हजेऱ्या, सगळं तुम्ही एकटीने ओढून नेता. यासाठी घरात कधी बैठक बसली? 'बायको-लेकराला सोडून कोणता बाप अकरा वाजेपर्यंत बाहेर राहतो?' असं त्यांना कुणी विचारलं? नाही विचारलं, आणि विचारूही नये. ती त्यांची ड्युटी आहे.

म्हणजे कुणाच्या तरी कामासाठी स्वतःला वळवून घ्यायची विद्या तुमच्या घराला येते. कित्येक आठवडे येते. तुमच्या तीन दिवसांसाठी ती का सुचत नाही? कारण ती परिषद अजून कुणाच्याच लेखी काम नाही. आणि ताई, तुमच्याही लेखी नाही. सीएल टाकून गुपचूप जाऊन यायचा विचार तुमच्याच मनात आला. सीएल आपण घरच्या लग्नाला टाकतो, दाताच्या डॉक्टरकडे जायला टाकतो. पेपर निवडला गेलेली प्राध्यापक परिषदेला जाते ती कॉलेजच्या वतीने. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत परिषदा आणि चर्चासत्रांसाठी ड्युटी लीव्हची तरतूद आहे. प्राचार्यांकडे रीतसर अर्ज करा, निवडीचा ईमेल जोडा, नोंदणी शुल्काचा काही भाग कॉलेज देतं का तेही त्याच अर्जात विचारा. नाही म्हणाले तर म्हणोत. मंजुरीचं पत्र हातात आलं की ते घरी दाखवा, जेवणाच्या टेबलावर ठेवा. सरकारी खात्यात नोकरी केलेल्या माणसाला ऑर्डरचा कागद लगेच कळतो.

आता, ही परिषद त्या खटाटोपाच्या लायकीची आहे का, हेही तपासायला हवं. प्रत्येक परिषद नसते. आपल्याकडे कितीतरी जणी केवळ प्रमाणपत्रासाठी धावपळ करतात आणि तिथून थकून येतात. यूजीसीच्या त्याच नियमावलीत राष्ट्रीय परिषदेत पेपर वाचण्याला शिक्षकाच्या संशोधनाच्या मोजणीत ३ गुण आहेत, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ५. एवढ्यासाठीच जायचं असेल तर मी तुम्हाला जा म्हणणार नाही, ते गुण जवळपास कुठेही मिळतात. पीएचडीसाठी दोन पेपर वाचायची २०१६ च्या नियमांतली सक्ती २०२२ च्या नियमांत उरलेली नाही. तुमची नोंदणी कोणत्या वर्षीची आहे आणि विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय म्हणतो, ते पीएचडी सेलमधून लेखी पाहून घ्या. ऐकीव गोष्टींवर कित्येक जणी वर्षानुवर्षं पळत राहतात.

पण तुमची गोष्ट वेगळी आहे, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. पाण्यातल्या फ्लोराइडवर काम करणाऱ्या नागपूरच्या बाईने हैदराबादला जाणं याला अर्थ आहे. पाण्यातलं फ्लोराइड काढायची तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडरची जी साधी पद्धत देशभर शिकवली जाते, ती आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने तयार केली आणि तिला नाव पडलं ते तेलंगणातल्या नालगोंड्याचं. वाकलेली हाडं, पिवळे-तपकिरी दात, हे त्या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आहे. नालगोंडा हैदराबादपासून जवळ. भूजलाच्या परिषदेला त्या भागात विहिरी मोजलेली, गाळण्या बसवलेली आणि त्या बंद पडलेल्या पाहिलेली माणसं येण्याची शक्यता किती मोठी आहे! यवतमाळच्या गावात बसवलेलं संयंत्र दोन वर्षांत धूळ खात का पडतं, याचं उत्तर तुम्हाला कोणत्याही जर्नलमध्ये मिळणार नाही. ते तिथल्या एखाद्या माणसाकडे असेल, आणि तो ते चहाच्या वेळी सांगेल.

म्हणूनच सायन्स काँग्रेसची तुमची आठवण वाचून मला वाईट वाटलं. गावातच परिषद, तरी रोज चारच्या आत घरी. खरं बोलणं तर चारनंतरच सुरू होतं. पेपर वाचायला दहा-पंधरा मिनिटं मिळतात, त्यातली दोन पेन ड्राइव्ह चालत नाही म्हणून जातात. नंतर कुणीतरी येऊन म्हणतं, 'तुमचे नमुने मान्सूनआधीचे की नंतरचे?' आणि तिथे उभ्या-उभ्या तासभर जातो. आतापर्यंत तुम्ही परिषद अर्धीच पाहिली आहे. ऑनलाइन पेपर वाचायची सोय आयोजक देतीलही, अगदीच नाइलाज झाला तर ती घ्या. पण तो तास पडद्यावर होत नाही.

तेव्हा माझं मत, जा. आता कसं ते बोलू.

पहिलं म्हणजे तीन दिवस म्हणजे तीन रात्री असं धरून चालू नका. सप्टेंबर २०२४ पासून नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत सुरू आहे. पहाटे नागपूर सोडते, सेवाग्राम, चंद्रपूर, बल्लारशाह करत दुपारी सिकंदराबादला पोचते. परतीची दुपारी निघते आणि रात्री जेवायच्या वेळेला तुम्ही घरी. गुरुवारी पहाटे निघालात तर उद्घाटनाची सकाळ हुकेल, हुकू द्या. आयोजकांना आजच लिहा की घरच्या अडचणीमुळे माझं सत्र शुक्रवारी ठेवता आलं तर बरं होईल. असं सांगायला लाजू नका, वेळापत्रक छापायच्या आधी सांगितलं तर बरेचदा जमवून देतात. शनिवारी दुपारी परतीची गाडी. उरल्या दोन रात्री. (ही गाडी आठवड्यातून एक दिवस नसते, तेवढं तिकीट काढताना बघा.)

आता या दोन रात्री कुणाच्या? माझ्या मते तुमच्या यजमानांच्या. 'माझी ना नाही' हे त्यांनी मनापासून म्हटलं असेल, याबद्दल मला शंका नाही. पण त्याने रात्रीचा प्रश्न सुटत नाही. अधिवेशनात सुट्टी मिळत नाही हेही खरं. मात्र पूर्ण दिवसाची सुट्टी मागणं वेगळं आणि 'गुरुवार-शुक्रवार मला रात्रीची ड्युटी लावू नका, आठ वाजता घरी जाऊ द्या, त्याऐवजी पुढच्या आठवड्यात मी थांबतो' असं सहकाऱ्याशी बोलून घेणं वेगळं. हे ड्युटी चार्ट लागायच्या आधी करावं लागतं. चार्ट लागल्यावर कुणी ऐकत नाही. त्यांच्याशी बोलताना 'तुम्ही मदत कराल का' असं विचारू नका. तारखा सांगा, रात्री सांगा, आणि विचारा की या दोन रात्रींचं तुम्ही कसं करणार. तुम्ही सुचवलेला मार्ग त्यांना अवघड वाटला तर दुसरा त्यांना शोधू द्या. तोही तुम्हीच शोधून हातात ठेवू नका.

आणि आता तो नेब्युलायझर. घरात तो नीट लावता येणारं माणूस किती? पत्रावरून मला वाटतं, एकच. हीच या सगळ्या प्रकरणाची खरी गाठ आहे. तुम्ही हैदराबादला गेला नाहीत, पण उद्या स्वतःच तापाने पडलात, तर? पुढच्या आठवड्यात मुलाच्या डॉक्टरांकडे जाताना यजमानांना सोबत न्या. डॉक्टरांकडून एका कागदावर मराठीत लिहून घ्या: कोणतं औषध, किती, किती वेळाने परत द्यायचं, आणि कोणत्या लक्षणाला घरी न थांबता दवाखाना गाठायचा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणं, दमामुळे एक वाक्य सलग बोलता न येणं, ओठ निळसर दिसणं, ही लक्षणं सासूबाईंना तोंडपाठ झाली पाहिजेत. खाली डॉक्टरांचा नंबर, रात्री उघडं असणाऱ्या जवळच्या मुलांच्या दवाखान्याचा नंबर, १०८, आणि गाडी असलेल्या शेजाऱ्याचा नंबर. अक्षरं मोठी काढा, सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येतील अशी. कागद फ्रिजवर.

मग त्याच संध्याकाळी त्या दोघांच्या हाताने करवून घ्या. तुम्ही हात लावायचा नाही. मशीन पलंगावर न ठेवता टेबलावर ठेवायचं. औषधाच्या प्लास्टिकच्या कुपीचं टोक पिरगाळून तोडायचं, औषध कपात पिळायचं, झाकण फिरवून घट्ट करायचं, नळी जोडायची. लेकराला आडवं न ठेवता मांडीवर ताठ बसवायचं. मास्क नाकावर सैल राहिला की वाफ डोळ्यांत जाते आणि ते रडायला लागतं, म्हणून आधी मास्क आणि मग बटण. कपातून फुरफुर आवाज यायला लागला की औषध संपलं. शेवटी कप-मास्क धुऊन फडक्यावर वाळत. आजीने हे दोन-चारदा स्वतःच्या हाताने केलं की बघा त्यांच्या बोलण्यात किती फरक पडतो. त्यांचा धीर तुमच्या समजावण्याने वाढणार नाही, मशीन हाताळल्याने वाढेल.

नोव्हेंबरमध्ये एक रात्र तालीम करा. तुम्ही माहेरी किंवा मैत्रिणीकडे राहा, फोन जवळ ठेवा पण स्वतःहून करू नका. काहीतरी चुकेल, पोळ्या बाहेरून येतील, दप्तरात दुसऱ्याच वाराची वही जाईल. त्याने काही बिघडत नाही.

तुमच्या आईला बोलावता येईल का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मनात आलं असेलच. येऊ शकत असतील तर उत्तमच. फक्त एक सांभाळा. लेकीच्या सासरी मुक्काम करायचा म्हणजे आपल्याकडच्या बायकांना अजूनही अवघड वाटतं, आणि विहीण स्वयंपाकघरात आली की इकडच्यांनाही. फोन तुम्ही करू नका. सासूबाईंनाच करायला सांगा, 'दोन दिवस या हो, मला सोबत होईल.' त्या एका फोनने दोघींचाही मान राहतो, आणि घर कोण सांभाळतंय हेही सासूबाईंच्याच हातात राहतं.

मुलाला सोबत न्यायचा विचार मी तुमच्या बाबतीत करणार नाही. परकी हवा, एसी हॉल, सांभाळायला आणखी एक माणूस, त्याचा खर्च, आणि तुमचं अर्धं लक्ष दाराकडे. ज्यांचं बाळ अंगावर पितं, त्यांनी मात्र न्यावं, एखादी बहीण किंवा आई सोबत घ्यावी, आणि आयोजकांना महिनाभर आधी लिहून सभागृहाजवळची खोली मागावी. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं असं २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने ठरवलं, पण ते कामाच्या जागेपुरतं. परिषदेत अशी सोय मागितल्याशिवाय होत नाही. दोन-चार जणींनी मागितली की पुढच्या वर्षीच्या पत्रकात ती छापून येते.

मुलाला फार आधी सांगू नका. महिनाभर आधी सांगितलं तर तो महिनाभर विचारत राहील. तीन-चार दिवस आधी पुरे. तारखा त्याला कळत नाहीत, 'दोनदा झोपलास की मी येते' हे कळतं. पहाटे तो झोपेत असताना निघणार, हे आदल्या रात्री त्याला माहीत असू द्या. न सांगता गेलेल्या आईला मुलं पुढचे कित्येक दिवस झोपेत चाचपत राहतात. फोन शाळेतून आल्यावर करा. झोपायच्या वेळी व्हिडिओ कॉल नको, पेंगुळलेलं मूल आईचं तोंड बघून हमखास रडतं, आणि मग ते, तुम्ही आणि आजी असे तिघेही रात्रभर जागे राहता.

आता ते पहिलं वाक्य. 'कोणती माय जाते?' ते पुन्हा आलं तर वाद घालू नका. 'आई, मी जाते कारण माझं काम आहे, आणि तुम्ही घरात आहात म्हणून जाऊ शकते' एवढंच म्हणा. ते खरंही आहे. सासूबाई नसत्या तर तुमची आणि तुमच्या यजमानांची, दोघांचीही नोकरी आज जशी चालते तशी चालली नसती. अधिवेशनातला त्यांचा वाटा कुणी कधी मोजलेला नाही, तो मोजा. आणि तुम्ही ज्या गावांतून पाणी आणता तिथल्या त्यांच्याच वयाच्या बायकांचे गुडघे कसे झालेत, हेही एकदा त्यांना सांगा. फ्लोराइड हाडांत आणि सांध्यांत साठतं. सून नेमकं काय करते हे कदाचित त्यांना आजवर कुणी सांगितलेलंच नाही.

'स्वार्थी' या शब्दाबद्दल मी वेगळं काही लिहीत नाही. दोन रात्रींची एवढी काळजी करणाऱ्या बाईला तो शब्द लागू होत नाही.

शेवटी एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा, बेत कधी रद्द करायचा. बुधवारी मुलाला सर्दी झाली, तर जायचं की नाही? हे बुधवारी रात्री ठरवायला बसलात तर घरात रडारड होईल आणि दोष कुणाच्या तरी डोक्यावर जाईल. डॉक्टरांनाच आधी विचारा. साधी सर्दी, ताप नाही, मशीनची नेहमीइतकीच गरज, तर जायचं. ताप असेल किंवा दर काही तासांनी मशीन लावावं लागत असेल, तर नाही. तो निकष यजमानांना आणि सासूबाईंना आधीच माहीत असू द्या. तिकीट रद्द करता येईल असंच काढा, तुमच्या स्लाइड्स मार्गदर्शकांना किंवा सहलेखकाला सोमवारीच पाठवून ठेवा, आणि गरज पडली तर पेपर ते वाचतील हे आयोजकांना त्याच ईमेलमध्ये कळवा. ड्युटी लीव्हचा अर्ज मात्र या आठवड्यातच द्या.